छोट्या उताऱ्यातील लेखकाचा आवाज आणि सूर कसा ओळखावा

दहा-बारा ओळींचा अपरिचित उतारा समोर येतो आणि त्याखाली प्रश्न असतो की लेखकाचा सूर कोणता. परीक्षेतील रसग्रहण असो, वाचनगटातील चर्चा असो किंवा संपादकाकडे आलेले हस्तलिखित असो, बहुतेक वाचक या प्रश्नाचे उत्तर उताऱ्याच्या विषयावरून देऊन मोकळे होतात. मृत्यूविषयी लिहिले असेल तर सूर दुःखाचा, पावसाविषयी लिहिले असेल तर आनंदाचा आणि सरकारविषयी लिहिले असेल तर रागाचा, असे धरून चालले जाते. असे उत्तर अधूनमधून बरोबर येते, परंतु ते का बरोबर आहे हे सांगता येत नाही. सूर विषयात नसतो. तो विषय मांडताना लेखकाने कोणती वाक्यरचना केली, कोणते शब्द घेतले आणि कोणते टाळले, यात असतो. म्हणूनच तो नुसता जाणवून घेण्यावर थांबावे लागत नाही, ओळीवर बोट ठेवून दाखवता येतो.

विषय आणि सूर यांची फारकत किती होऊ शकते हे पाहायचे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचावीत. १९३४ मध्ये पहिला भाग प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात वडिलांच्या टोकाच्या सोवळ्यापासून संसारातील ओढाताण आणि ताटातुटीपर्यंत कितीतरी कष्टाचे प्रसंग आहेत. तरीही सांगणारीच्या बोलण्यात कुरकुर नाही, उलट माणसांच्या विसंगतीकडे पाहणारी मिश्कील, मायाळू नजर आहे. केवळ विषयांची यादी करून जो वाचक ‘करुण’ असे लिहील, त्याच्या हातून या पुस्तकातील सर्वांत मोलाची गोष्ट निसटेल.

आवाज कोणता आणि सूर कोणता

लेखकाचा आवाज म्हणजे त्याच्या लेखनात वारंवार आढळणारी, विषय बदलला तरी टिकून राहणारी बोलण्याची धाटणी. सूर म्हणजे एका विशिष्ट प्रसंगी, एका विशिष्ट विषयाकडे आणि वाचकाकडे पाहण्याची लेखकाची भूमिका. आवाज ओळखायला एकाहून अधिक उतारे हाताशी असावे लागतात; सूर मात्र एका परिच्छेदातही सापडतो, आणि परिच्छेदाच्या मध्यावर तो बदलूही शकतो.

एक ऐतिहासिक उदाहरण घेऊ. जून १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यानंतर सरकारने शहरावर कडक धोरण अवलंबले. त्यावर लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने जुलैमध्ये दोन अग्रलेख लिहिले. एकाचा मथळा होता ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ आणि दुसऱ्याचा ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’. विषय एक, महिना एक, वृत्तपत्र एक. पण सूर दोन. पहिला मथळा प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न उत्तराची वाट पाहत नाही. घरातील वडीलधारे माणूस चुकलेल्याला जसे फटकारते, तसे ते फटकारणे आहे. दुसऱ्या मथळ्यात प्रश्न उरलेलाच नाही. ‘म्हणजे … नव्हे’ ही व्याख्येची रचना आहे. तिथे बोलणारा माणूस रागावलेला असला तरी तो राग बाजूला ठेवून राज्यकर्त्यांना राज्य करण्याचा अर्थ समजावून देतो आहे. आता दोन्हींत समान काय आहे ते पाहावे. दोन्ही मथळे दयेची याचना करत नाहीत, आपल्यावर अन्याय झाला असे रडगाणे गात नाहीत. दोन्ही ठिकाणी बलाढ्य सरकारला सामान्य माणसाच्या तोंडच्या शब्दांनी, ‘डोके ठिकाणावर असणे’ आणि ‘सूड उगविणे’ या रोजच्या वाक्प्रचारांनी मोजले आहे. हे जे समान आहे तो आवाज, आणि फटकारण्यापासून समजावण्यापर्यंत जे बदलले तो सूर.

या उदाहरणात एक धोकाही दडलेला आहे. आजच्या वाचकाला ‘आहे काय’ हे शब्द औपचारिक वाटतात, कारण आपण ‘आहे का’ म्हणतो. पण एकोणिसाव्या शतकातील लेखनात ‘काय’ने प्रश्न विचारणे ही नेहमीचीच रीत होती, त्यामुळे त्यावरून लेखकाच्या औपचारिकतेविषयी काहीही ठरवता येत नाही. जुन्या उताऱ्यातील अनुस्वारांचेही तसेच आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये स्वीकारले गेले आणि त्यानंतर न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून गेले. त्याआधीचा लेखक ‘घरांत’, ‘त्यांनीं’ असे लिहीत असेल तर तो केवळ आपल्या काळाच्या नियमाने लिहीत होता. काळाची सवय आणि लेखकाची निवड या दोन्ही वेगळ्या काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. बोलीविषयीही हीच खबरदारी हवी. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडीत संपूर्ण निवेदन असेल तर बोली ही त्या लेखनाची जमीन आहे, आणि तिच्यावरून सूर ‘ग्रामीण’ किंवा ‘विनोदी’ आहे असे म्हणणे हा त्या लेखकावर अन्याय आहे. प्रमाण मराठीत चाललेल्या निवेदनात एकच वाक्य बोलीत आले, तर मात्र तिथे थांबून कारण शोधावे.

वाक्य बदलून पाहण्याची कसोटी

सूर ओळखण्याचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा मार्ग असा, की लेखकाने लिहिलेल्या वाक्याशेजारी त्याच अर्थाची, पण त्याने न लिहिलेली दोन-तीन वाक्ये मांडावीत. मग मूळ वाक्यात काय निवडले गेले ते आपोआप दिसू लागते. या लेखासाठी रचलेली ही चार वाक्ये पाहा:

‘नदीवरील पुलाचे काम मुदतीत पूर्ण होऊ शकले नाही.’
‘पूल काही त्यांनी पुरा केला नाही.’
‘पूल राहिलाच शेवटी.’
‘यंदाही पूल झाला नाही म्हणे.’

चारही वाक्यांत माहिती एकच आहे, पूल झालेला नाही. पहिल्या वाक्यात करणारा माणूसच नाही. ‘होऊ शकले नाही’ या रचनेमुळे जणू कामानेच पूर्ण होण्याचा प्रयत्न केला आणि त्याला ते जमले नाही. हा कार्यालयीन, जबाबदारी टाळणारा, सावध सूर आहे. दुसऱ्या वाक्यात ‘त्यांनी’ आले, म्हणजे बोट दाखवले गेले, आणि ‘काही’ या छोट्या शब्दाने असे सुचवले की त्यांच्याकडून अपेक्षा होती, ती फोल ठरली. हा ‘काही’ काढून ‘त्यांनी पूल पुरा केला नाही’ असे वाचले तर तक्रार उरते, पण अपेक्षाभंग जातो. तिसऱ्या वाक्यातील ‘च’ आणि ‘शेवटी’ मिळून बोलणाऱ्याला हे आधीच ठाऊक होते असे सांगतात. इथे राग थकून गेलेला आहे आणि हताशपणा उरला आहे. चौथ्या वाक्यात ‘यंदाही’ने मागची सारी वर्षे ओढून आणली, आणि ‘म्हणे’ने बोलणाऱ्याने स्वतःला त्या बातमीपासून दूर ठेवले. तो ऐकीव गोष्ट सांगतो आहे असे दाखवतो, आणि त्या दूर राहण्यातच त्याचा तिरकसपणा आहे.

मराठीत सूर बहुतेक वेळा अशाच लहान शब्दांत राहतो. ‘च’, ‘तर’, ‘काही’, ‘म्हणे’, ‘की’, ‘ना’, ‘हो’, ‘बुवा’, ‘बरे’, ‘म्हणा’ हे शब्द वाक्याच्या माहितीत भर घालत नाहीत, त्यामुळे घाईने वाचणारा त्यांच्यावरून पुढे जातो. सूर शोधणाऱ्याने नेमके तिथेच पेन्सिलीने खूण करावी. उताऱ्यातून हे सगळे शब्द वगळून एकदा वाचावे आणि मग ठेवून वाचावे. जो फरक जाणवेल त्याला नाव देणे म्हणजे निम्मे उत्तर झाले.

आणखी कुठे पाहावे

सर्वनामांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण मराठीत ती वाचकाला आत घेतात किंवा बाहेर ठेवतात. ‘आम्ही दुष्काळ पाहिला आहे’ असे लिहिणारा लेखक वाचकाला सांगतो की तू तिथे नव्हतास. ‘आपण दुष्काळ पाहिला आहे’ असे लिहिणारा वाचकाच्या शेजारी बसतो. जुन्या अग्रलेखांतील ‘आम्ही’ हा वृत्तपत्राच्या वतीने बोलणारा असतो आणि त्यात अधिकार असतो. ‘आपण’ मात्र तीन कामे करतो: वाचकासह सर्वांना कवेत घेतो, समोरच्याला आदराने संबोधतो, आणि ‘आपण नाही बुवा जाणार’ अशा बोलण्यात एकट्या ‘मी’साठीही येतो. उताऱ्यात तो कोणत्या अर्थाने आला हे ठरवल्याशिवाय सूर जवळिकीचा की अदबीचा हे ठरत नाही. एखाद्या व्यक्तीचा उल्लेख परिच्छेदाच्या आरंभी ‘ते’ असा आणि शेवटी ‘तो’ असा झाला असेल, तर मधल्या ओळींत कुठेतरी आदर संपला आहे, आणि ती ओळ शोधून काढणे हेच आपले काम आहे.

त्यानंतर शब्दांचे कूळ पाहावे. ‘निधन झाले’, ‘वारले’, ‘गेले’, ‘मेले’ यांतील अंतर कोणत्याही मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पण ‘प्रयत्न’ आणि ‘खटपट’, ‘विनंती’ आणि ‘मनधरणी’, ‘विरोध’ आणि ‘आडकाठी’ अशा जोड्यांत लेखकाचे मत किती चोरपावलांनी शिरते हे पाहण्यासारखे असते. ‘मंत्र्यांनी मध्यस्थीची खटपट केली’ या वाक्यात टीका आहे की कौतुक, हे आजूबाजूच्या ओळींवरून ठरते. मात्र ‘प्रयत्न’ लिहिले असते तर हा प्रश्नच उभा राहिला नसता.

वाक्याची लांबी आणि क्रियापदाची जागा यांविषयी थोडक्यात सांगता येईल. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते. ते पुढे आले, ‘गेला तो, परत आलाच नाही’ असे, तर बोलण्याची लय, आवेग किंवा आठवण मध्ये आली असे समजावे. लांब वाक्यांच्या ओघात अचानक आलेले तीन शब्दांचे वाक्य मोठ्याने वाचावे, कारण लेखकाने तिथे वाचकाचा श्वास मुद्दाम अडवलेला असतो.

एक उतारा सावकाश वाचताना

आता एकच छोटा उतारा जवळून पाहू. महात्मा फुले यांच्या १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या सुरुवातीच्या या ओळी जवळपास प्रत्येक मराठी वाचकाला पाठ असतात:

‘विद्येविना मति गेली; मतीविना नीति गेली; नीतीविना गति गेली; गतीविना वित्त गेले; वित्ताविना शूद्र खचले; इतके अनर्थ एका अविद्येने केले.’

पाठ असलेल्या ओळींचा सूर ओळखणे सर्वांत कठीण, कारण आपण त्या ऐकतच नाही. ‘गेली’, ‘गेले’, ‘खचले’ अशी क्रियापदे पाहून सूर शोकाचा आहे असे पटकन वाटते. पण रचना पाहावी. प्रत्येक खंडात जे गमावले, तेच पुढच्या खंडाच्या आरंभी कारण म्हणून उभे राहते. शोक करणारा माणूस असा क्रम लावत बसत नाही. हा क्रम पुरावा मांडणाऱ्याचा आहे. पहिली तीन नावे, मति, नीति आणि गति, एकमेकांशी यमक साधतात आणि अंगाने सूक्ष्म आहेत. ‘वित्त’ येताच यमक तुटते, आणि विचारांच्या पातळीवरून आपण पैशाच्या, म्हणजे रोजच्या जगण्याच्या पातळीवर उतरतो. पाचव्या खंडात प्रथमच माणसे येतात, आणि तिथेच ‘जाणे’ हे क्रियापद संपून ‘खचणे’ हे नवे क्रियापद येते. खचते ती भिंत, विहीर, जमीन. म्हणजे खालचा आधार गेल्यामुळे जे कोसळते ते.

सर्वांत महत्त्वाचा बदल शेवटच्या खंडात आहे. तोवर ‘गेली’, ‘गेले’, ‘खचले’ या सगळ्या घटना आपोआप घडल्यासारख्या येतात, त्यांना कर्ता नाही. ‘अविद्येने केले’ म्हणताच कर्ता समोर येतो. पाच खंडांत जमवलेले सारे नुकसान ‘इतके’ या शब्दात एकत्र केले जाते आणि ‘एका’ या शब्दाने ते एकाच आरोपीच्या माथी मारले जाते. उताऱ्याचा आरंभ ‘विद्येविना’ने झाला होता आणि शेवट ‘अविद्येने’ झाला. आरंभी जिची केवळ उणीव होती, ती उणीवच शेवटी कृती करणारी ठरली.

म्हणून या उताऱ्याचा सूर मी असा लिहीन: दुःखाची जाण असलेला, पण दुःखात न थांबता कार्यकारणाची साखळी जोडून आरोप निश्चित करणारा, संयत संतापाचा सूर. ग्रंथाच्या नावात ‘असूड’ आहे, लेखक शिक्षणासाठी आयुष्य वेचणारे होते, ही माहिती आपल्याजवळ आहे आणि ती या निष्कर्षाशी जुळते. तरीही ती शेवटी वापरावी. ती आधी वापरली तर आपण उतारा वाचत नाही, लेखकाविषयी आपल्याला जे ठाऊक आहे तेच पुन्हा आपल्याला ऐकवतो.

सांगणारा आणि लिहिणारा एक नसतात तेव्हा

कथात्म लेखनात आणखी एक पायरी वाढते. पुढील उतारा या लेखासाठी रचला आहे.

‘वैनीला बरं नव्हतं म्हणे. चार दिवस अंथरुणाला खिळून होती म्हणे. पण पाहुणे आले तशी उठली आणि वीस माणसांचा स्वयंपाक केला. आमच्या घरात बाईमाणसाला कधी कसला त्रास म्हणून नाही.’

इथे सांगणाऱ्याचा सूर अभिमानाचा आहे. घराची प्रतिष्ठा सांगताना त्याला आपण काही वावगे बोलतो आहोत असे वाटतच नाही. दोनदा आलेल्या ‘म्हणे’मुळे वैनीच्या आजारावर त्याचा विश्वास नाही हे कळते, आणि ‘आमच्या घरात’ या शब्दांत ती वैनी धरलेली आहे की नाही याविषयी शंका येते. लेखकाचा सूर मात्र याच्या नेमका उलट आहे. तो एकाही शब्दात बोललेला नाही. त्याने फक्त ‘वीस माणसांचा स्वयंपाक’ आणि ‘कधी कसला त्रास म्हणून नाही’ ही दोन वाक्ये एकमेकांना खेटून ठेवली. सांगणाऱ्याला त्या दोहोंतील विसंगती दिसत नाही आणि आपल्याला दिसते, हे लेखकाने घडवून आणले आहे. अशा ठिकाणी उत्तरात दोन्ही सूर स्वतंत्रपणे नोंदवावेत: निवेदक आत्मसंतुष्ट, लेखक चिकित्सक आणि वैनीविषयी सहानुभूती असलेला. या दोहोंची गल्लत झाली की निवेदकाचे पूर्वग्रह लेखकाच्या नावावर जमा होतात, आणि वर्गात, सभांत व वादांत हे सर्रास घडताना दिसते. मराठी कथेने ज्या माणसांना स्वतःच्या तोंडाने बोलते केले, त्या कथांचे त्यामुळे फार नुकसान होते.

सुराला नाव देणे

‘भावनिक’, ‘सुंदर’, ‘प्रभावी’, ‘हृदयस्पर्शी’ हे शब्द उत्तरातून काढून टाकावेत; ते उताऱ्याविषयी काही सांगत नाहीत, वाचकाच्या पसंतीविषयी सांगतात. रसांची नावेही सुराऐवजी वापरू नयेत. करुण किंवा वीर हे रस वाचकाच्या मनात काय निर्माण होते ते सांगतात, तर सूर बोलणारा कुठे उभा आहे ते सांगतो. अगदी कोरड्या, तटस्थ सुरात लिहिलेल्या चार ओळी वाचकाला हेलावून टाकू शकतात, आणि तेव्हा ‘परिणाम करुण, सूर तटस्थ’ हेच अचूक उत्तर असते.

नाव देताना तीव्रता मोजावी. नाराजी, चीड आणि संताप या चढत्या पायऱ्या आहेत. मिश्कीलपणात समोरच्याविषयी माया असते, उपहासात ती संपते, आणि उपरोधात शब्द एक सांगतात व अर्थ दुसराच निघतो. एका शब्दात सूर मावत नसेल तर दोन शब्द घ्यावेत, आणि शक्यतो ते एकमेकांना ताणणारे असावेत: आदरयुक्त असहमती, हळवी चेष्टा, सावध कौतुक. चांगल्या गद्यात सूर एकेरी क्वचितच असतो. उताऱ्यात ‘पण’, ‘तरी’, ‘मात्र’ किंवा ‘असो’ आला की तिथे सूर वळला का ते तपासावे. मराठी निबंधकारांचा ‘असो’ तर हमखास पाहण्याजोगा असतो. दुखऱ्या विषयाला हात लागला आणि लेखकाला तिथे अधिक थांबायचे नाही, हे तो एकच शब्द कळवतो.

आपण निवडलेले नाव बरोबर आहे की नाही याची खात्री करण्यासाठी उतारा मोठ्याने दोनदा वाचावा. एकदा आपण ठरवलेल्या सुरात, आणि एकदा जाणूनबुजून त्याच्या विरुद्ध सुरात. विरुद्ध सुरात वाचताना ज्या शब्दांवर जीभ अडते, तेच शब्द आपला पुरावा असतात आणि उत्तरात तेच उद्धृत करायचे असतात. उतारा दोन्ही सुरांत सारख्याच सहजतेने वाचता आला, तर आपण अजून पुरेसे बारकाईने वाचलेले नाही, किंवा लेखकाने ती संदिग्धता मुद्दाम ठेवली आहे. दुसरी शक्यता मान्य करण्याआधी पहिली पडताळून घ्यावी.

प्रत्यक्ष उत्तर लिहिताना आधी सुराचे नाव, मग तो ज्यावर उभा आहे ते दोन किंवा तीन शब्द वा रचना, आणि त्यांनी नेमके काय साधले याचे एकेक वाक्य, एवढे पुरे होते. वैनीच्या उताऱ्याचे उत्तर असे होईल: ‘निवेदकाचा सूर अभिमानाचा व अविश्वासाचा आहे. “म्हणे”ची पुनरावृत्ती वैनीचे आजारपण ऐकीव ठरवते आणि “कधी कसला त्रास म्हणून नाही” हे ठाम नकारार्थी वाक्य घराची बढाई मारते. वीस माणसांच्या स्वयंपाकाचा उल्लेख त्याच्या लगत ठेवून लेखकाने हा अभिमान पोकळ असल्याचे दाखवले आहे.’ आवाजाविषयी लिहायचे झाले तर, हाताशी एकच उतारा असल्यास ‘या लेखकाचा आवाज’ असे न म्हणता ‘या उताऱ्यात ऐकू येणारा आवाज’ असे म्हणावे, आणि त्याच लेखकाचे आणखी एखादे पान मिळेपर्यंत तेवढ्यावरच थांबावे.